अश्वमेध मेडोजमधलं गवत

वार्षिक सभेत चहा येण्याआधी निघालेल्या विषयावर भांडण होतं आणि चहानंतर निघालेल्या विषयावर समिती नेमली जाते. गवताचा विषय चहानंतर निघाला आणि भीमराव ओव्हाळ त्यात सापडले.

भीमराव पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेले गृहस्थ. सोसायटीच्या सभेलाही इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून येणारे. सगळं आयुष्य येरवड्यात गेलं. मुलगा रोहन संगणकवाला. त्याने मांजरीच्या नव्या संकुलात फ्लॅट घेतला, आणि किल्ली हातात पडते न पडते तोच कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. फ्लॅट बंद राहिला की नळ खराब होतात, तेव्हा आईबाबांनी तिथे राहायला जावं असं त्याने फोनवरून ठरवलं. म्हणजे खरं पाहता भीमराव आणि कांताबाई त्या नळांना सोबत म्हणून आले होते.

संकुलाचं नाव अश्वमेध मेडोज. "मेडोज म्हणजे काय हो?" कांताबाईंनी कमानीखाली उभं राहून विचारलं होतं.

"कुरण."

"मग कुरण म्हणायला काय झालं होतं?"

"कुरण म्हटल्यावर फ्लॅट कोण घेईल?"

अश्वमेधातल्या घोड्याचं शेवटी काय करतात, हे बिल्डरने वाचलेलं नसावं. पण त्याच्या छापील पुस्तिकेत हिरव्या कुरणावर एक घोडा चरत होता आणि त्याच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन एक तरुण हसत होता. त्या वर्षांत पुण्याच्या पूर्वेला उसाच्या फडात इमारती उगवत होत्या आणि प्रत्येक बिल्डरला शेजारच्यापेक्षा काहीतरी निराळं द्यावं लागत होतं. कुणी तरणतलाव दिला, कुणी देऊळ दिलं. याने जनावरं दिली. मग सोसायटी सभासदांच्या ताब्यात देऊन तो पुढच्या उसाकडे वळला. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जनरेटर यांच्याबरोबर मैना नावाची घोडी, एक तट्टू आणि दोन गाई सभासदांच्या मालकीच्या झाल्या. मैदानावर अंथरलेली गालिच्यासारखी हिरवळ या चौघांनी तोपर्यंत मुळासकट खाल्ली होती. आता तिथे माती होती आणि वारा सुटला की ती मैदानाशेजारच्या सगळ्या बाल्कन्यांमध्ये जात होती.

"सो, आपल्याला परमनंट ग्रास सोल्यूशन पाहिजे," सेक्रेटरी अनिरुद्ध म्हणाला. हा एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि घरातलं दूध संपलं तरी त्याला 'इश्यू' म्हणायचा. "घोडे खातील, गाई खातील, आणि दिसायलाही प्रीमियम. कोण ओनरशिप घेतंय?"

कुणीच घेईना. अनिरुद्धची नजर रांगांवरून फिरत फिरत मागे आली आणि थांबली.

"ओव्हाळ काका, तुम्ही घ्या ना. तुमचं तसं रूरल बॅकग्राउंड आहे."

भीमरावांचा जन्म येरवड्यातला, तुरुंगाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरचा. शेतीशी संबंध म्हणाल तर कालव्याच्या दुरुस्तीची बिलं तपासण्यापुरता. पण हे वाक्य कुठल्या कारखान्यातून येतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. कचेरीत त्यांनी त्याचे बरेच नमुने ऐकले होते. 'तुम्हाला सवय असेल', 'तुमच्याकडे चालतं ना हे' वगैरे. अनिरुद्धचा नमुना नव्या बनावटीचा होता, गुळगुळीत, कडा घासलेला. त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायला हवं होतं, आणि भीमरावांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरोपसमारंभानंतर त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते उठून उभे राहिले आणि नमस्कार करून खाली बसले.

घरी कांताबाई भाजी निवडत होत्या. "एवढ्या बिऱ्हाडांत गवत म्हटल्यावर त्यांना तुम्हीच दिसलात?"

"समितीचा निमंत्रक केलंय मला."

"समितीत आणखी कोण आहे?"

हे विचारायचं राहून गेलं होतं. पुढे कळलं, की आणखी कुणी नव्हतं.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. त्यांचे वडील खडकीला पलटणीच्या घोड्यांसाठी गवत कापायचे. भारा डोक्यावरून उतरवताना शेजारी उभ्या असलेल्या आपल्या पोराला, म्हणजे भीमरावांना, त्यांनी कधी त्या गवताला हात लावू दिला नव्हता. ही गोष्ट सोसायटीत कुणालाच माहीत नव्हती. माहीत नसताना बोट नेमकं तिथेच पडलं, हे त्यांना जास्त लागलं.

पण एकदा अंगावर घेतलेलं काम अर्धवट टाकायचं, हे लेखा शाखेत बसत नाही. भीमराव गवताचा अभ्यास करायला लागले. शेतकी पुस्तकं आणली. रोहनने फोनवर सांगितलं, "बाबा, गुगल करा ना, पाच मिनिटांचं काम आहे." गुगलने त्यांना ऑस्ट्रेलियात नेलं. तिथल्या एका माणसाने घोड्यांच्या गवतावर इतकं मनापासून लिहिलं होतं की भीमराव दोन दुपारी त्याच्याकडेच रमले. तिसऱ्या दुपारी त्या माणसाने विचारलं की तुमचं कुरण किती हेक्टर आहे आणि कांगारूंचा उपद्रव कितपत होतो. तिथे दोघांचे मार्ग वेगळे झाले.

एक गोष्ट मात्र पक्की समजली. हत्तीगवत माणसापेक्षा उंच होतं, भरमसाट येतं आणि गाईम्हशींना उत्तम. पण त्यात ऑक्झॅलेट नावाचं एक द्रव्य असतं. ते घोड्याच्या खाण्यातला चुना अडकवून धरतं. मग घोडं आपल्याच हाडांतला चुना काढून दिवस भागवतं. काही महिन्यांनी ते लंगडायला लागतं आणि त्याचं तोंड सुजतं. गाईचं पोट निराळं, तिचं निभून जातं. तेव्हा घोड्याला मारवेल गवत द्यावं, साधी हरळी द्यावी, एकट्या हत्तीगवतावर ठेवू नये. भीमरावांना हे वाचून बरं वाटलं. वरून हिरवं दिसतं आणि आतून हाडं पोखरतं, असं काहीतरी त्यांनी नोकरीतही पाहिलं होतं. फक्त तिथे त्याला शास्त्रीय नाव नव्हतं.

ते अभ्यास करतायत हे कळल्यावर सल्ले येऊ लागले. शनिवार पेठेतलं घर विकून आलेल्या आनंदीबाईंनी त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. "दूर्वा लावा. हरळी म्हणजे दूर्वाच की. घोडे खातील, आणि गणपतीत आम्हाला मंडईत जायला नको."

"उत्तम सूचना आहे."

"पण घोड्यांनी उष्टावलेल्या दूर्वा गणपतीला चालत नाहीत. तेव्हा आमचा एक वाफा वेगळा ठेवा. घोड्यांना तशी पाटी लावा." लिफ्टचं दार बंद होता होता त्या म्हणाल्या, "घोड्यांना वाचता येत नसेल तर अनिरुद्धला मेल करायला सांगा."

चेअरमन रावसाहेब हे मांजरीचेच. ज्या जमिनीवर संकुल उभं होतं ती त्यांची, आणि मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहून ते अजूनही पाऊस कुठून येतोय ते बघत. "हत्तीगवत लावा, ओव्हाळ," ते म्हणाले. "पैलवानासारखं येतंय. माझ्या राहिलेल्या रानात हाय, कांड्या देतो."

"घोड्यांना सोसत नाही ते."

"घोड्याला काय कळतंय?"

योगावर्गाला बसल्यावर टोचणार नाही असं गवत हवं होतं. पालकांना, मुलं पडल्यावर गुडघे हिरवे होणार नाहीत असं. अनिरुद्धने सगळ्यांची मागणी एका तक्त्यात मांडून पाठवली. त्यात मुलं, योगा, लग्नसमारंभ, दिवाळी पहाट असे रकाने होते. घोडे आणि गाई यांचा रकाना मिळून एक होता, शेवटचा, 'अदर्स'.

मैनेची देखभाल करणारा रियाज मात्र सल्ला देत नव्हता. त्याच्या घरात तीन पिढ्या टांगा होता. टांगे गेले, रिक्षा आल्या, आणि रियाज घोड्यांच्या मागे मागे इथवर पोचला होता. तो भीमरावांना 'साहेब' म्हणायचा. संकुलात तसं म्हणणारा तो एकटाच.

"तुझं काय मत, रियाज?"

"साहेब, घोडा आणि जावई, दोघांना आपण दिलेलं पसंत पडत नाही. तुम्ही लावा, मी चारतो."

भीमरावांनी अहवाल लिहिला. नियमाप्रमाणे आधी सगळे पर्याय, मग शिफारस. पर्यायांमध्ये गाईंसाठी 'धामण' या गवताचाही उल्लेख होता, आणि इथे मराठी भाषेने त्यांचा घात केला. सूचनाफलकावर कुणीतरी गोषवारा लावला. त्यातलं 'मैदानात मारवेल, धामण इत्यादी सोडण्याचा विचार आहे' हे वाक्य वाचून संध्याकाळपर्यंत महिलामंडळ दारात.

"तुम्ही मैदानात साप सोडताय?"

"धामण हे गवत आहे."

"आमच्या माहेरी धामण गवतात असते. गवत नसते."

"धामण बिनविषारी असते," भीमराव म्हणाले. खरं म्हणजे एवढं बोलायला नको होतं. त्यानंतर ओव्हाळ काकांनी सापांबद्दल कबुली दिली, असंच सगळीकडे झालं. अहवालातून धामण काढून टाकण्यात आली.

राहिलेला अहवाल कार्यकारिणीत आला. मातीचा कस, पाण्याची गरज, घोड्यांची हाडं, सगळं त्यात होतं. अनिरुद्धने पहिलं पान उलटलं, शेवटचं उलटलं आणि थबकला. "मारवेल? म्हणजे मार्व्हल? काका, हे नाव खरंच आहे?"

"खरंच आहे."

"मार्व्हल लॉन. ब्रँडिंग झालंच की." ठराव एकमताने पास झाला. ज्या कारणांसाठी भीमरावांनी महिनाभर डोळे फोडले होते त्यांतलं एकही कारण कुणी विचारलं नाही.

आता ठोंबं, म्हणजे लावायला मुळासकट गवताचे झुपके, मिळवायची होती. ते देणारी एक सरकारी योजना होती. भीमराव त्या कचेरीत गेले. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता सातबारा मागितला.

"सोसायटीची जमीन आहे. बिनशेती झालेली."

"बिनशेती जमिनीत चारा येत नाही."

"येईल. त्यासाठीच तर ठोंबं पाहिजेत."

"जमिनीत येईल हो. योजनेत येत नाही. जनावरं कोणती?"

"एक घोडी, एक तट्टू, दोन गाई."

"घोडी दूध देते?"

"नाही."

"मग तिला कशात बसवू मी?"

दुसरा कुणी असता तर चिडला असता. पण भीमरावांनी उभी हयात लोकांची बिलं शेरे मारून परत पाठवण्यात घालवली होती. आक्षेपाची जात त्यांना कळत होती, आणि हा आक्षेप घरंदाज होता. ते आदराने उठले. तिथून त्यांना बागांचं काम बघणाऱ्या कचेरीकडे पाठवण्यात आलं. तिथे उत्तर मिळालं, की हिरवळ आमच्याकडेच, परंतु जी खायची ती हिरवळ नव्हे. ती चारा झाली. चाऱ्यासाठी आधीच्या कचेरीत जा.

शेवटी रावसाहेब म्हणाले, "माझा सातबारा घ्या की. थोडं रान हाय अजून नावावर." सातबारा मिळाला, पण मैदानाच्या अर्ध्या भागात रावसाहेबांचं हत्तीगवत लावायचं या अटीवर. भीमरावांनी अट मान्य केली, पण त्यांचीही एक अट होती : मारवेल घोड्यांना, हत्तीगवत गाईंना, मध्ये तारेचं कुंपण. तीही मान्य झाली. कुंपणाला पुढच्या बैठकीत 'सौंदर्यदृष्ट्या' हरकत निघाली.

लावणी पावसाळ्यात झाली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्यावर छत्री, खिशाला पेन अशा थाटात भीमराव मजुरांमागे फिरत होते. एक मोटार शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली आणि आतल्या बाई म्हणाल्या, "भैया, इसके बाद हमारे गमले भी देख लेना. सी विंग."

भीमरावांनी छत्री सरळ धरली आणि खात्याच्या इंग्रजीत, दोन पोटवाक्यांसह, आपण या समितीचे निमंत्रक असून कुंड्यांचा विषय आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असं सांगितलं.

"अरे वा, इंग्लिश भी आती है," बाई कौतुकाने म्हणाल्या आणि काच वर गेली. कौतुक खरंखुरं होतं. तेवढ्यासाठी भीमरावांना बाईंचा रागही नीट करता येईना.

मारवेल धरलं. नव्या मुळांवर जनावरं सोडली तर ती ठोंबं उपटून खातात, म्हणून भीमरावांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली : 'दसऱ्यापर्यंत या भागात जनावरे सोडू नयेत.' मध्यंतरी मशीन फिरवून गवत कापलं, तसं ते खालून आणखी दाटलं. गणपतीपर्यंत तिथे असा एक मऊ हिरवा पट्टा तयार झाला की लोक गॅलरीत उभे राहून बघायला लागले. आनंदीबाईंसारख्या आनंदीबाईंनी "वाईट नाही" असं म्हटलं. गणेशोत्सवाच्या बक्षीससमारंभात मार्व्हल लॉनचे शिल्पकार म्हणून भीमरावांना शाल आणि नारळ देण्यात आला. आता हे गवत लवकरच घोड्यांसाठी मोकळं होईल, असं एक वाक्य त्यांनी भाषणासाठी तयार ठेवलं होतं. ते म्हणायच्या आत टाळ्या झाल्या. मग त्यांना ते म्हणावंसंही वाटलं नाही.

दसरा झाला. त्यांची पाटी काढण्यात आली आणि तिथे नवी, छापील पाटी आली : 'मार्व्हल लॉन. केवळ सभासदांसाठी. जनावरांना प्रवेश नाही.'

"काका, घोडे तिथे सोडून कसं चालेल?" अनिरुद्ध म्हणाला. "लॉनची वाट लागेल. योगाचे लोक रोज बसतात, शिवाय डिसेंबरमध्ये दोन रिसेप्शन्स बुक झालीयेत."

"पण ते गवत घोड्यांचं आहे."

"हत्तीगवत केवढं आलंय बघा ना. चौघांना पुरून उरतंय. बाहेरचा चाराही आपण बंद केला."

"मी अहवालात लिहिलंय. हत्तीगवत घोड्यांना चालत नाही."

"नोटेड, काका," अनिरुद्ध म्हणाला. कचेरीत 'पाहिले' असा शेरा मारून कागद कुठे ठेवतात ते भीमरावांना माहीत होतं. 'नोटेड' त्याचाच भाचा. पुन्हा पुन्हा सांगितलं तर चिवट म्हातारा म्हणतील या भीतीने त्यांनी आणखी दोनदाच सांगितलं, आणि दोन्ही वेळा हलक्या आवाजात.

हत्तीगवत खरोखरच पैलवानासारखं वाढलं. मुलांचे चेंडू त्यात गेले ते गेलेच. गाई तुकतुकीत झाल्या, दूध वाढलं, रावसाहेब येताजाता त्यांच्या पाठीवर थाप मारायला लागले. रियाज रोज तेच गवत कापून चौघांपुढे टाकत होता, कारण टाकायला दुसरं काही नव्हतं.

थंडी संपता संपता एका सकाळी त्याने भीमरावांच्या दारावरची बेल दाबली. चपला बाहेर काढून तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"साहेब, जरा खाली येता? मैना पाय धरतेय."

मैना तबेल्यात तीन पायांवर भार देऊन उभी होती. पुढ्यातलं गवत तसंच. डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडं फुगून आली होती, जणू गालात कुणी सुपाऱ्या भरल्या होत्या. भीमरावांनी हे चित्र पाहिलेलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या त्या माणसाने छापलं होतं.

डॉक्टर आले. त्यांनी सुजलेल्या हाडावर अंगठा दाबला तशी मैना मान फिरवून मागे सरली. "काय घालता हिला?"

"हत्तीगवत," रियाज म्हणाला.

"आणि?"

"तेच."

"मग दुसरं काय होणार? हाडांतला चुना चाललाय. हे आज बंद करा. औषध लिहून देतो, पण मुख्य म्हणजे मारवेल घाला. इथे कुठे मिळेल का बघा."

रियाजने हात करून दाखवलं. समोर मार्व्हल लॉनवर योगावर्ग चालू होता. मैनेचं औषध पाठीखाली घेऊन सगळे शवासनात होते.

विशेष सभा बोलावण्यात आली. या वेळी चहा नव्हता. घोडी आजारी पडल्याचं ज्या मुलांना दुःख झालं होतं त्यांचे पालक रागावलेले होते, आणि हे सगळं कुणाच्या तरी नावावर टाकणं आवश्यक होतं.

"ब्लेम गेम नको," अनिरुद्ध म्हणाला. "पण ग्रास सिलेक्शनची ओनरशिप ग्रास कमिटीची होती."

सगळ्यांनी ग्रास कमिटीकडे पाहिलं. ती इस्त्रीचा शर्ट घालून शेवटून दुसऱ्या रांगेत बसली होती. 'मी तुमचं काय घोडं मारलंय' असं विचारायची ही वेळ होती, पण खाली घोडी तीन पायांवर उभी असताना तेही म्हणता येईना.

"घोड्याला हत्तीगवत नको, हे मी सांगितलं होतं," भीमराव उठून म्हणाले. "तीनदा सांगितलं."

"काका, तुम्ही फोर्सफुली नाही सांगितलंत. वुई अझ्यूम्ड, तुम्हाला यातलं नॉलेज आहे. म्हणून तर तुमच्याकडे दिलं."

"कशावरून धरलंत?"

"म्हणजे?"

"मी येरवड्यात जन्मलो. हिशेबनीस होतो. मला गवतातलं कळतं, हे तुम्ही कशावरून धरलंत?"

अनिरुद्धने चेअरमनकडे पाहिलं. चेअरमनने पंख्याकडे पाहिलं. काही लोकांना एकदम आपापले मोबाइल आठवले.

"सांगा की, अनिरुद्ध," आनंदीबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या. "मलाही ऐकायचंय."

"जनरली म्हणजे... काका, तसं काही नव्हतं मनात."

"मनात नव्हतं, ते मला ठाऊक आहे," भीमराव म्हणाले. "मनात असतं तर तुम्ही बोलला नसतात."

ते खाली बसले. भीमरावांना वाटलं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. मग मागून कुणीतरी घसा साफ करून विचारलं, की जनावरं काढून टाकली तर देखभालखर्च किती कमी होईल. सगळ्यांना हायसं वाटलं आणि सभा पुढे गेली. जनावरं देऊन टाकायची, आणि मैदानाला एकदाच काय ते कृत्रिम गवत बसवायचं, असा ठराव झाला. भीमरावांनी राजीनामा दिला. तो मंजूर झाला नाही, कारण मग जनावरांची व्यवस्था कोण लावणार?

गाई रावसाहेबांनी नेल्या. तट्टूवर गवताचा परिणाम अजून दिसत नव्हता; ते वरातीला घोडे देणाऱ्या एकाने हसतहसत नेलं. त्याने मैनेच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. भीमरावांनी अनेक ठिकाणी फोन केले. लंगडी घोडी फुकटही कुणाला नको होती.

"माझी बहीण आहे उरुळीला, अख्तरबानू," रियाज शेवटी म्हणाला. "विहिरीजवळ थोडी जागा आहे तिच्या घरामागे. तिथे राहील." त्याची नोकरीही त्याच ठरावात संपली होती. त्याबद्दल विचारायचा भीमरावांना धीर झाला नाही.

"तिथे मारवेल आहे?"

"नाही, साहेब. इथलं नेऊ दिलं तर लावीन."

कृत्रिम गवताचा कंत्राटदार दुसऱ्या दिवशी जमीन सपाट करणार होता. ठोंबं काढायला माणूस द्यायला सोसायटी तयार नव्हती. नाहीतरी उखडलंच जाणार आहे, तुम्ही न्या, एवढीच परवानगी. भीमराव, रियाज आणि कांताबाई मैदानात उतरले. भीमरावांनी खुरपं मुठीत धरून जमिनीवर वार करायला सुरुवात केली, तसं कांताबाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. पदर खोचून त्या उकिडव्या बसल्या, आणि झुपक्याखाली पातं घालून एका झटक्यात मुळं, माती सगळं अख्खं वर काढलं. त्या लहानपणी जुन्नरकडे शेतात राबलेल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही भीमरावांच्या हे लक्षातून गेलं होतं, आणि सोसायटीत कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

"तुम्ही पोत्याचं तोंड धरा," त्या म्हणाल्या.

ते पोत्याचं तोंड धरून उभे राहिले. वरच्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते. एकाने फोटो काढला.

मैना टेम्पोत चढेना. पुढचा पाय उचलायची, टेकवायची आणि तिथेच थरथरत राहायची. रियाज तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिला. बऱ्याच वेळाने ती चढली, मागे वळून न बघता. रियाजने भीमरावांना सलाम केला.

"साहेब, गवत चांगलं निवडलं होतं तुम्ही," तो म्हणाला. "तिला खायला मिळालं असतं तर."

यात टोमणा होता का, याचा भीमराव त्या दिवसापासून विचार करत होते. नसावा. असता तर जरा कमी लागला असता. महिन्याभराने रियाजचा फोन आला. ठोंबं धरली होती, मैना खात होती. सूज उतरली नव्हती. चालते, म्हणाला, पळणार नाही.

मैदानावर नवं गवत बसलं. गुंडाळ्या उलगडून, कडा चिकटवून दोन दिवसांत काम संपलं. सोसायटीने त्याचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले, आणि त्या रविवारी अमेरिकेतून रोहनचा फोन आला.

"बाबा, काय गवत आलंय. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवलं. माझ्या बाबांनी केलं म्हणून सांगितलं."

भीमराव खिडकीशी उभे होते. खाली एक बाई कुत्र्याला घेऊन मैदानावर आल्या होत्या. कुत्र्याने वाकून गवत हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि मान वर करून तो बाईंकडे बघत राहिला.

"ऐकताय ना, बाबा? असंच राहणार ना ते?"

"राहील की," भीमराव म्हणाले. "खाणारं कुणी नाही."